काहिलीत दोघं

"पंधराऽऽ!" पलीकडच्या काठावरनं आप्पांची हाक आली. "शालन गऽ! पोरं पंधरा झाली! आता तू म्हाताऱ्यांस्नी घिऊन ये!"

मी अंगणवाडीच्या दारात उभी होते. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरी होती, आणि त्या दिवशीच्या पानावर मीच सकाळी पंधरा पोरांपुढं रेघा ओढल्या होत्या. पंधरा म्हणजे सगळी. म्हटलं, सुटले बाई एकदाची! आत पोषण आहाराची पोती होती, वजनकाटा होता, नवीन आलेला फळा होता. वाहून जायला नको म्हणून दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, कडीत लाकडाची खुंटी ठोकली आणि म्हाताऱ्यांना जमवायचं होतं त्या देवळाच्या ओट्याकडं निघाले.

ती कडी मी माझ्या हातानं घातली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोकांनी माझं जे कौतुक केलं त्यात हे कुणी सांगत नाही.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडं पाणी बघायचं ते हंड्यात, आणि तेही दुसऱ्याच्या. लग्न होऊन वारणेकाठच्या या गावात आले तेव्हा नदी बघून मी मागं सरले होते. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा, सासू मी यायच्या आधीच गेलेल्या. सासऱ्यांचं गुऱ्हाळ होतं. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, मी मामंजी म्हणायचे. मला अंगणवाडीची नोकरी लागली ती खालच्या वस्तीत. खालच्या वस्तीच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओढा. नदी फुगली की ओढ्याचं पाणी उलटं चढतं आणि वस्तीचं बेट होतं. एरवी याचा अंदाज दोन दिवस आधी यायचा. त्या वर्षी सकाळी पोरं आली तेव्हा ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि साडेदहाला पुरुषभर. पोरांचे आईबाप जनावरं माळावर न्यायला गेले होते, ते तिकडंच अडकले. वस्तीत राहिलो मी, मदतनीस गोदाक्का, पोरं आणि पाच-सहा म्हाताऱ्या.

आप्पा धावले ते काहील घेऊन. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, सपाट बुडाची, आत सात-आठ माणसं बसतील एवढी रुंद. पूर आला की आमच्याकडं चुलवाणावरची काहील पाण्यात उतरते. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं तीन खेपांत पोरं पलीकडं नेली. पहिल्या खेपेला गोदाक्का सोबत गेली. पुढच्या दोन खेपा त्यांनी एकट्यानंच भरल्या, कारण मी घराघरांतून म्हाताऱ्या काढत होते. एक म्हणे कोंबड्या सोडून येणार नाही, दुसरी म्हणे मी असे दहा पूर बघितलेत, तू कोण मला शिकवणारी! तेवढ्यात तालुक्याहून सरकारी बोट आली. म्हाताऱ्या, कोंबड्या आणि मी, असे आम्ही सगळ्यात शेवटी निघालो.

वरच्या गावातल्या शाळेत सगळ्यांची सोय केली होती. बोटीबरोबर आलेल्या साहेबांनी व्हरांड्यातच कागद काढला.

"अंगणवाडीची मुलं किती?"

"पंधरा."

"सगळी आली?"

"आली की. सासऱ्यांनी मोजून घेतलीत."

साहेबांनी 'पंधरा मुले सुखरूप' असं लिहिलं, मी खाली सही केली. पुढच्या गावात पाणी छपरांना लागलं होतं, त्यामुळं बोट तशीच निघाली. साहेब म्हणाले, "चारच्या आत काही परत येत नाही आम्ही." तेव्हा साडेबारा झाले होते.

गोदाक्कानं खिचडी शिजवली. आप्पा पत्रावळ्या मांडायला लागले. भिंतीकडनं सुरुवात केली. पहिली पत्रावळ मांडली आणि म्हणाले, "देव." दुसरी पत्रावळ एका पोरापुढं ठेवली. "दोन." तिसरी. "तीन." असं करत शेवटच्या पोरापुढं पत्रावळ ठेवली आणि म्हणाले, "पंधरा."

भिंतीकडच्या पहिल्या पत्रावळीपुढं कुणीच बसलेलं नव्हतं.

माझ्या हातातली पळी खाली पडली. आमच्या घरात माणसं मोजायची तर एकपासून मोजत नसत. गुळाच्या ढेपा आप्पा सरळ मोजायचे, त्यात गडबड नाही. पण माणसं मोजताना पहिला देव. मी नवी नवरी असताना ते सांगायचे, "आज जेवायला पाच जण." मी पाच जणांच्या भाकरी थापायचे आणि एका माणसाच्या उरायच्या. एकदा वैतागून विचारलं, "मामंजी, पाचवा येतो कुठनं?" तर म्हणाले, "येतो कुठनं म्हंजे? तो गेलाय कवा? माणसं जिथं हायत तिथं तो हायच. मग मोजताना त्येला का वगळायचा?" मी विचारलं, "कुठला देव?" तर म्हणाले, "तुला पटंल तो. मोजायला एकच लागतो." पुढं मला सवयच झाली. त्यांनी आकडा सांगितला की मी मनात एक वजा करायचे. दहा वर्षं करत आले होते. नेमकं त्या दिवशी, माझ्या हजेरीतले पंधरा आणि त्यांचे पंधरा जुळले, आणि मी वजा करायची विसरले.

"मामंजी," मी विचारलं, "मघाशी काठावरनं पंधरा म्हणालात, ते कसे मोजलेत?"

"मोजतो तसंच."

"देव धरून?"

"धरून. आज काय तो रजेवर हाय व्हय?" असं हसत म्हणाले, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "का गं? चौदाच हुती न्हवं आज पोरं?"

मी पंगतीवरनं नजर फिरवली. मेहरू नव्हती.

मेहरू पाच वर्षांची. जैतुन मणेरणीची एकुलती एक. मणेर म्हणजे आमच्याकडचे बांगडीवाले. जैतुन डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची, त्या दिवशीही पहाटेच बाजाराला गेली होती. आणि मेहरूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोती रचलेल्या कोपऱ्यात जाऊन झोपायची तिला खोड होती. तिथं ती झोपली असणार, आप्पांनी आणि गोदाक्कानं हाका मारल्या असणार, बाकीची पोरं धावली असणार आणि तिला काहीच कळलं नसणार. मग मी जाऊन कडी घातली.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आम्ही काठावर आलो तेव्हा पलीकडं अंगणवाडीच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पाणी उंबऱ्यावर होतं. तालुक्याच्या कचेरीला फोन लागेना. गावातली पट्टीची पोहणारी माणसं सगळी माळावर, मध्ये पाणी. काठावर होतं कोण? सरपंचांचा पुतण्या आणि दोन-तीन कॉलेजची पोरं.

"बाई, बोट येऊ दे," पुतण्या म्हणाला. "ओढ्याच्या तोंडाला आता लई वढ लागलीय. काहील टिकायची न्हाई तिथं."

"चारपर्यंत पाणी कुठं जाईल?"

तो बिचारा लांब दोर शोधायला पळाला.

आप्पा काहिलीत उतरले सुद्धा. वल्हं म्हणून वापरायची फळी उचलायला गेले तर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तीन खेपा केल्या होत्या त्या हातानं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून वर उचलला, तो परत खाली पडला. असा माणूस, ज्यानं चाळीस वर्षं उकळत्या काहिली उतरवल्या, तो माझ्यासमोर त्या हाताला शिव्या देत रडायला लागला.

"माझ्या मोजण्यानं पोर गेली," ते म्हणाले. "देवाचं नाव घिऊन म्या पोर बुडिवली."

मी त्यांच्या हातातली फळी घेतली.

"उतरा मामंजी. मी जाते."

"तू? तुला घोटाभर पाण्यात भ्या वाटतंय!"

"वाटतंयच. वाटू दे. कसं चालवायचं तेवढं सांगा."

त्यांनी डोळे पुसले आणि एकदम कामाचं बोलायला लागले, तो त्यांचा स्वभावच होता. "हे बघ, काहील गोल असती. ती फिरणार. फिरली तर फिरू द्यायची, तिच्यासंगं भांडायचं न्हाई. तोंड कुठं बी होऊ दे, फळी मारायची थांबू नगंस. उभं ऱ्हायाचं न्हाई. आन् एकट्या माणसानं एका अंगाला बसलं की काहील कलती, म्हणून समोर वजन लागतंय." त्यांनी कॉलेजच्या पोरांकडनं शाळेच्या बांधकामातलं वाळूचं पोतं उचलून आणवलं आणि माझ्या समोरच्या कडेला ठेवलं. "त्या पोत्याकडं बघत ऱ्हा. पाण्याकडं बघितलंस की डोकं फिरंल."

एवढं सांगून ते थांबले. एरवी काहील सोडताना ते मोठ्यानं माणसं मोजायचे, तो त्यांचा रिवाज होता. त्या वेळी त्यांनी तोंड मिटून घेतलं. मान खाली घातली. त्यांना परत तो शब्द उच्चारायचा धीर होत नव्हता.

मला काय झालं कोण जाणे. आतनं काहीतरी उसळून आलं. दहा वर्षं मी त्या मोजणीला हसले होते, मैत्रिणींत नक्कल करून दाखवली होती. मी पोत्याकडं बोट केलं आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देव." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "दोन. सोडा काहील!"

आप्पांनी डाव्या हातानं काहील ढकलली.

अंतर म्हणाल तर दीड-दोनशे पावलांचं. कोरड्यात मी ते रोज पान खात पार करायचे. त्या दिवशी पहिल्या दहा फळ्यांतच काहील गरकन फिरली आणि माझी पाठ वस्तीकडं झाली. काठावरचे सगळे मला दिसत होते, ओरडत होते, एक शब्द कळत नव्हता. मी पोत्याकडं बघितलं आणि माझी जीभ सुटली.

"असा बसून काय राहिलायस?" मी म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्यानं. "माणदेशातल्या बाईला आणून पुरात घातलंस, आता गंमत बघतोस? मामंजींनी जन्मभर तुला पहिला मान दिला. रोज तुझी भाकर धरली. आज त्यांच्या तोंडाला काळं लागलं तर ते तुझ्याही लागेल, सांगून ठेवते. हात लाव!"

तुम्ही हसाल, हसा. तिथं मला कुणी दिसलं नाही, प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. पण घरात दुसऱ्या खोलीत माणूस असलं की न बघताही आपल्याला ठाऊक असतं ना, तसं मला ठाऊक होतं. भीती गेली नव्हती. फक्त एकटीला जशी भीती वाटते तशी ती नव्हती. फळी मारत होते आणि भांडत होते. भांडायला समोर कुणीतरी लागतंच की.

ओढ्याच्या तोंडाला पुतण्या म्हणाला तेच झालं. फळी पाण्यात धरेना, काहील सरळ नदीकडं ओढली जायला लागली. पुढं बाभळीचा शेंडा पाण्यावर आला होता आणि त्याच्यावर साप गुंडाळून बसलेला. एरवी साप बघितला की मी पलीकडच्या गल्लीत दिसायचे. त्या वेळी म्हटलं, बस बाबा तू तुझ्या जागेवर, मला फक्त फांदी दे. दोन्ही हातांनी फांदी धरली. काटे तळव्यांत गेले, पण काहील थांबली. फांदी-फांदी धरत ती धारेबाहेर ओढली आणि सापानं काही केलं नाही. बाभळीपलीकडं पाणी संथ होतं. चार-पाच फळ्यांत अंगणवाडीची भिंत हाताला लागली.

काहिलीला लावलेला दोर खिडकीच्या गजाला बांधला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. दारापाशी आले तर कडीतली खुंटी पाणी पिऊन फुगलेली, निघता निघेना. मीच ठोकलेली. रक्तानं हात निसटत होते. आत पोर जिवंत आहे का नाही हे हाक मारून कळायची सोय नव्हती. फळीच्या कडेनं खुंटीवर घाव घातले, किती ते मोजले नाहीत. शेवटी ती तुटली आणि दार आत गेलं.

मेहरू पोत्यांच्या सगळ्यात वरच्या थरावर बसली होती. खालची दोन पोती पाण्यात. डबा उघडून तिनं अर्धी चपाती खाल्लेली. मला बघितल्यावर ती रडली नाही. दोन्ही हात उडवून, भुवया चढवून तिनं मला असं काही झाडलं की विचारू नका! कुठं गेला होतात सगळे, मला न सांगता? खिडकीकडं बोट, दाराकडं बोट, माझ्याकडं बोट. मी तिला उचलून छातीशी धरलं, तरी तिचे हात माझ्या पाठीवर रागानं चालूच.

काहिलीत तिला समोरच्या पोत्यावर बसवलं. म्हटलं, "सरक बाबा, पोरीला जागा दे." येताना मी धारेच्या वरच्या अंगानं, बाभळी धरूनच आले. काठावरच्या पोरांनी दोर टाकला, दुसऱ्यांदा टाकल्यावर तो माझ्या हाताला लागला. पाय जमिनीला लागले तेव्हा आप्पा चिखलात गुडघ्यावर बसलेले होते.

इथं सगळे गोष्ट संपवतात. त्या वर्षी तालुक्यात माझा सत्कार झाला, तेव्हाही इथंच संपवली. पण मला अभिमान आहे तो याच्या पुढच्याचा.

चार वाजता बोट परत आली. साहेबांना सगळं कळलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, कागदावर पंधरा आहेत आणि समोरही पंधरा आहेत. आता विषय वाढवू नका. कडीबिडीचं कशाला कुणाला सांगता? नोकरीवर येईल." माझ्या भल्याचंच सांगत होते. मी मान डोलावली. माझी नोकरी गेली असती तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर चालणं कठीणच होतं.

आप्पा वेगळंच धरून बसले होते. "जैतुन आली की म्या सांगतो. मोजणी माझी, चूक माझी."

जैतुन दिवेलागणीच्या आधी आली. वरच्या वाटेनं सगळा वळसा घालून, डोक्यावर टोपली तशीच. वाटेतच लोकांनी तिला सांगितलं होतं : तुझी पोर मागं राहिली होती, बाई जिवावर उदार होऊन पुरातनं घेऊन आल्या. तिनं पोरीला कुरवाळलं, चाचपलं, आणि सगळ्या शाळेदेखत येऊन माझे पाय धरले.

"बाई, तुम्ही माणूस न्हाई. तुमच्या रूपानं अल्ला आला."

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. साहेब माझ्याकडं बघत होते. आप्पा पुढं व्हायला लागले.

आणि मला तीच आतली उसळी परत जाणवली, काहिलीत बसताना आलेली. म्हटलं, पाण्यात सोबत होता तो काय शाळेच्या दारात सोडून गेला? त्याच्यादेखत मी हे पाय कसे धरू देऊ? मी वाकले आणि तिचे हात पायांवरनं सोडवले.

"जैतुन, ऊठ," मी म्हणाले. "माझ्या पाया पडू नकोस. तिला मागं मीच ठेवलं. हजेरी माझ्या काखेत होती. मी आत जाऊन बघितलं नाही. बाहेरनं कडी घातली आणि निघून आले. कागदावर पंधरा आली म्हणून सही केली. ती अडीच-तीन तास कोंडलेली होती, माझ्या कडीनं."

जैतुन सावकाश उभी राहिली.

"एकटी?" तिनं विचारलं. "माझी मुकी पोर एवढा वेळ एकटी हुती?"

आणि मी चुकले. दिवसभरात दुसऱ्यांदा चुकले. "एकटी नव्हती गं," मी म्हणाले. "देव होता तिच्यापाशी."

तिचा हात इतक्या जोरात आला की मला दिसलाच नाही. मणेरणीचा हात, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. दोन माझ्या गालावर फुटल्या.

"देव हुता मला ठाव हाय!" ती ओरडली. रोज मला अहो-जाहो करणारी जैतुन अरे-तुरेवर आली होती. "त्यो कुठं जातोय? त्यो हुता म्हणूनच पोर जित्ती हाय. पर म्या पोर त्येच्याकडं न्हवती दिली, तुझ्याकडं दिली हुती! त्येचं नाव फुडं करू नगंस. तू कुठं हुतीस, त्ये सांग!"

बायका तिला धरायला धावल्या. मी हात करून त्यांना थांबवलं. गालावरनं रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. माझ्याजवळ उत्तर एकच होतं.

"मी तिथं नव्हते," मी म्हणाले. "मी असायला हवं होतं. चुकले."

तिनं टोपली उचलली, मेहरूला कडेवर घेतलं आणि शाळेच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत जाऊन बसली. पाणी उतरेपर्यंत आठ दिवस आम्ही एकाच शाळेत होतो. त्या आठ दिवसांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

साहेबांनी कागद दुरुस्त केला. मीच करायला लावला. वरून चौकशी आली, ताकीद मिळाली, नोकरी राहिली. सत्काराची शाल अंगावर पडली त्या दिवशी गालावरची खपली अजून ओली होती. शाल आता कुठल्या ट्रंकेत आहे मला सांगता यायचं नाही. गालावरची खूण मात्र रोज आरशात दिसते, आणि नातवंडं विचारतात तेव्हा मी ती झाकत नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली. त्या दिवसानंतर प्रत्येक पोराला हात लावल्याशिवाय मी दार ओढलं नाही. देव आहेच, तो कुठं जात नाही. पण तो आहे म्हणून मी नसले तरी चालेल, असं मात्र नाही. हे मला जैतुननं शिकवलं, आणि तेही एका फटक्यात!

पुरानंतर अंगणवाडी झाडून-पुसून पुन्हा उघडायला बारा दिवस गेले. पहिल्या दिवशी कुणी पोर पाठवील का, अशी मला धास्ती होती. मी सकाळी सातलाच जाऊन दारात उभी राहिले. चिखलाचा वास जात नव्हता. अर्धा तास वाट चिटपाखरू नसलेली, आणि मग वळणावर डोक्यावरची टोपली दिसली.

जैतुन माझ्यापुढं येऊन थांबली. माझ्या गालाकडं बघितलं. मग मेहरूचा हात तिनं स्वतःच्या हातातनं सोडवला आणि माझ्या हातात दिला. "तिनं सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई," एवढंच म्हणाली, "काय तर द्या बाई तिला." टोपली सावरली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

मेहरूचा हात धरून मी जैतुन फाट्याला पोचेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.